बाबांनी खिशात भरून आणलेल्या बिया: हे झाड कोणतं? (आणि जुन्नरला लावावं का?)

साल्टाकर:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आम्ही सध्या अर्जेंटिनात, पार वायव्येच्या कोपऱ्यात, साल्टाला असतो. लिथियमवाल्यांची नोकरी आहे, दोन वर्षं नुसतं मीठ बघतोय. आईबाबा तीन महिन्यांसाठी आलेत. बाबा जुन्नरकडचे, मास्तर म्हणून रिटायर झाले, आणि त्यांना व्यसन एकच, दिसेल त्या झाडाची बी उचलायची आणि गावी नेऊन रुजवायची. घरामागे अर्धा गुंठा त्यांच्या प्रयोगांनी भरलाय, त्यातलं निम्मं काय आहे ते त्यांनाही सांगता येत नाही.

तर परवा गावाबाहेर टेकडीवर फिरायला गेलो होतो. इथे आत्ता हिवाळा संपतोय, बरीच झाडं खराटा झालीत. एका झाडाखाली बाबा थांबले ते हलेचनात. खोडाच्या खालच्या भागावर बोथट काट्यांच्या गाठी, आपल्या सावरीच्या असतात तशा पण जाडजूड. जी काही पानं उरली होती ती शिकेकाईसारखी बारीक. शेंगा वीतभर, चपट्या, तपकिरी, दोन बियांच्या मध्ये चिमटीत दाबल्यासारख्या आत गेलेल्या आणि एकाच कडेने उकललेल्या. आणि बिया म्हणजे काय सांगू, चपट्या, गोल, काळपट चॉकलेटी, पॉलिश केल्यासारख्या चकचकीत आणि इतक्या पातळ की आई म्हणाली टिकल्या म्हणून कपाळाला लावाव्यात.

बाबांनी जॅकेटचे दोन्ही खिसे भरले.

घरी आलो तर घरमालकीणबाईंनी बघितलं आणि खो खो हसल्या. म्हणाल्या "सेबिल!" मग एक बोट नाकाला लावून डोळे वर फिरवले. माझं स्पॅनिश कामापुरतं, त्यामुळे एवढंच कळलं की लाकूड शेगडीला एक नंबर आणि पूर्वीचे लोक या बिया नाकात ओढायचे.

आता प्रश्न असे: हे नक्की कुठलं झाड? नाकात ओढायचे म्हणजे नशा का? आणि बाबा म्हणतायत शिरीषाचं भावंड दिसतंय, जुन्नरला मस्त येईल, तर न्यायच्या का बिया?

शेंगदाणा:
पहिला!! काकांना साष्टांग नमस्कार. आमचे तीर्थरूप महाबळेश्वरहून दगड आणतात.

पुणेरी_पाटी:
हे सगळं सर्च केलं की दोन मिनिटांत मिळतं. धागा कशाला?

शेंगदाणा:
@पुणेरी_पाटी, तुम्ही धागा उघडून प्रतिसाद टाईप करेपर्यंत तीन मिनिटं गेली असतील.

बॉटनीची_बाई:
साल्टाकर, वर्णन इतकं छान केलंय की फोटोची गरजच नाही. अनाडेनान्थेरा कोलुब्रिना. बाबांचा अंदाज बरोबर आहे, शिरीष, बाभूळ, लाजाळू, खैर यांच्याच गोतावळ्यातलं, शेंगाकुळातलं झाड. उन्हाळ्याच्या तोंडी फुलेल तेव्हा बघा, बाभळीसारखे गोल गोंडे येतात पण पिवळेजर्द नाही, पांढरट.

या प्रजातीत जाती दोनच. तुमच्याकडची कोलुब्रिना, तिला अर्जेंटिनात सेबिल, पेरू-बोलिव्हियाकडे विल्का, पॅराग्वेत कुरुपाय आणि ब्राझीलमध्ये अँजिको म्हणतात. दुसरी पेरेग्रिना, ती उत्तरेला, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यात, तिथलं नाव योपो. ओळखायची सोपी खूण म्हणजे शेंगेवर बोट फिरवायचं. कोलुब्रिनाची शेंग गुळगुळीत चकाकणारी, पेरेग्रिनाची खरखरीत, खपल्या धरल्यासारखी. लिनियसने १७५३ साली पेरेग्रिनाला मिमोसात टाकलं होतं, मग ही झाडं बरीच वर्षं पिप्टाडेनिया नावाखाली फिरत होती, आणि १९२३ साली स्पेगाझिनीने त्यांचा वेगळा संसार मांडून दिला. मुळात इटलीचा, पण आयुष्य अर्जेंटिनात गेलं.

आणि हो, नाकात ओढायचे हे खरंय. नशा का, यावर इथे मारामारी होणार हे मला दिसतंय, म्हणून मी आत्ता गप्प बसते.

नागपुरी_संत्रं:
मारामारी? आलोच, पॉपकॉर्न घेऊन येतो.

मुक्कामपोस्ट_चिपळूण:
बाई, अनाडेनान्थेरा म्हणजे आपल्याकडे ती लालभडक बी असते, रतनगुंज, तीच का? आमच्या शाळेच्या आवारात होतं. आम्ही खिसे भरून आणायचो, बहिणी माळा करायच्या. आता वाचून धडकी भरली, आम्ही चघळायचो पण हो त्या.

बॉटनीची_बाई:
नाही नाही, घाबरू नका. रतनगुंज म्हणजे अडेनान्थेरा पॅव्होनिना. नावात एका 'अन्'चा फरक. अडेन म्हणजे ग्रंथी, अँथेरा म्हणजे परागकोश. रतनगुंजेच्या परागकोशाच्या टोकाला बारीकशी ग्रंथी असते म्हणून अडेनान्थेरा, आणि 'तशी ग्रंथी नसलेली' म्हणून अन्-अडेनान्थेरा. ग्रीकमधला 'अन्' आणि आपला अनुचित-अनपेक्षितमधला 'अन्' एकच. रतनगुंजेत ही नाकात ओढायची भानगड नाही. तरीही कच्च्या बिया चघळू नका, आता मोठे झालात.

आत्याबाई:
रतनगुंजेवरून आठवलं. माझे सासरे सोनार होते. वजनाला लहान गुंज म्हणजे ती लाल-काळी, आणि त्याहून जड ही मोठी गुंज. दुकानात पितळेच्या डबीत ठेवलेल्या असायच्या. पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा. लहान गुंज विषारी असते म्हणून, आणि एक जरी हरवली तर हिशेब चुकतो म्हणूनही. सासऱ्यांना दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं.

डॉ_गोळीबार:
बरं, आता जरा कामाचं बोलतो. या बियांमधलं मुख्य रसायन ब्यूफोटेनिन. सोबत झाडानुसार, भागानुसार कमीजास्त डीएमटी (हेही भास घडवणारं रसायन) आणि त्याचा एक भाऊ. ब्यूफोटेनिन नाव आलं बेडकावरून. ब्यूफो म्हणजे भेक, अंगावर फोड असलेला तो जाडा बेडूक, आणि १९२० साली त्याच्या कातडीतून हे पहिल्यांदा वेगळं काढलं. नंतर १९५४ मध्ये कळलं की तेच रसायन या झाडाच्या बियांत आहे. मेंदूत सेरोटोनिन असतं हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय, तर त्या सेरोटोनिनला दोन मिथाईल चिकटवले की झालं ब्यूफोटेनिन. म्हणजे कुलपाला जवळजवळ बसणारी दुसरी किल्ली.

पण 'वा काय गंमत' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत ओहायोच्या तुरुंगातल्या कैद्यांना फेबिंग नावाच्या डॉक्टरने हे शिरेतून टोचून बघितलं. कैदी स्वखुशीने तयार झाले असं कागदावर आहे, तुरुंगातली स्वखुशी म्हणजे काय ते ज्याने त्याने समजून घ्यावं. मळमळ, उलटी, छातीवर दाब, डोळ्यापुढे लाल-जांभळे ठिपके आणि चेहऱ्याचा रंग? वांग्यासारखा. हे मी रंगवून सांगत नाहीये, वांग्याची उपमा त्यांच्याच निबंधातली आहे. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती पास करणार नाही.

काकांनी बिया हाताळल्या तर काही होत नाही. हात धुवा आणि नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका, बस.

शेंगदाणा:
भरलं वांगं कॅन्सल.

उगाच_एक:
मला तर वाटतं हाच आपला सोम. ऋषी काय पीत होते यावर इतकी वर्षं वाद चाललाय, आणि इथे सरळ दिसतंय, दिव्य दृष्टी देणारी वनस्पती. पूर्वी आपले लोक जहाजांनी सगळीकडे जात होते. विल्का हा शब्दही बघा, बिल्व, बिल्वक, विल्क. विचार करा.

बॉटनीची_बाई:
विचार केला. ही प्रजाती फक्त दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर, आणि बेटांवरही बहुधा माणसांनीच नेलेली. सोम दगडांनी ठेचून, पिळून, लोकरीतून गाळून प्यायचे, शेंग-बी-नाक यातलं काहीच त्या वर्णनात नाही. आणि विल्काचा बिल्व करायचा तर मग बिल्किसचं काय करायचं?

नागपुरी_संत्रं:
(पॉपकॉर्न)

उगाच_एक:
तुम्हा लोकांना आपलं काही चांगलं बघवतच नाही. असो.

साल्टाकर:
अरे बापरे, एवढे प्रतिसाद! बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. रतनगुंज ऐकून खूश झाले. जुन्नरच्या घरामागे ती आहेच म्हणे.

त्यांनी एक प्रश्न दिलाय. घरमालकीणबाई म्हणाल्या की बी भाजून, कुटून, त्यात शिंपल्याची कळी किंवा राख मिसळायचे. तर बाबा म्हणतात हे म्हणजे चुना-तंबाखूच झालं! आमचे आजोबा तपकीर ओढायचे आणि आजीकडे चंची होती, चुनाळ्यासकट. बाबांचा सवाल असा की या दोन गोष्टी दोन टोकांच्या लोकांना सारख्याच कशा सुचल्या?

डॉ_गोळीबार:
मास्तर ते मास्तरच. प्रश्न जबरी आहे. बी असो नाहीतर पान, आतला अल्कलॉइड, म्हणजे अंमल चढवणारं द्रव्य, आम्लाशी मीठ करून बसलेला असतो. चुना किंवा राख अल्कली, ती त्याला मोकळा करते आणि मोकळा झालेला ओल्या अस्तरातून, म्हणजे गालातून, नाकातून पटकन आत शिरतो. तंबाखूला चुना, कोकाच्या पानाला राख, सुपारीच्या विड्याला चुना, योपोला शिंपला. ज्यांनी शोधलं त्यांना केमिस्ट्री येत नव्हती, पण 'हे घातलं की लागतं' हे कळत होतं. आपल्याकडे तळहातावर अंगठ्याने मळून वर दोन थापट्या मारतो तेव्हा आपणही तेच करतो, फक्त डिग्री नाही.

वाळवंटी_उंट:
यावरून एक भारी किस्सा. हम्बोल्ट, तो जर्मन शास्त्रज्ञ, १८०० साली ओरिनोको नदीवरून चालला होता. उरुआना नावाच्या ठिकाणी त्याला ओटोमाक लोक भेटले. हे लोक नदीची माती खायचे, त्याचंही त्याने लिहून ठेवलंय. त्यांची नियोपो म्हणजे ही योपोची पूड करायची पद्धत त्याने नीट बघितली, शेंगा, बी, त्यात गोगलगायीच्या शिंपल्यांचा चुना, सगळं लिहिलं. आणि निष्कर्ष काय काढला? की झिणझिण्या येतात त्या ताज्या चुन्यामुळे, बी नुसती निमित्ताला! एवढा मोठा माणूस, पण आपल्या पानपट्टीवर दहा मिनिटं उभा राहिला असता तर चुकला नसता.

शेंगदाणा:
हम्बोल्टला चुना लागला.

आत्याबाई:
🙏 शेंगदाण्याला कोणीतरी आवरा.

वाळवंटी_उंट:
अजून थोडं लिहितो कारण हा माझ्या आवडीचा विषय. मी चिलीला सान पेद्रो दे आताकामाला कामानिमित्त काही महिने होतो, म्हणून आयडी उंट.

आताकामा म्हणजे जगातलं सगळ्यात कोरडं वाळवंट. तिथल्या जुन्या कबरी खोदल्यावर, हे काम मुख्यतः गुस्ताव्हो ले पेज नावाच्या बेल्जियन पाद्रीबाबांनी केलं, मृतांच्या शेजारी एक अख्खा संच सापडतो. लाकडाची पातळ पाटी, हाडाची किंवा लाकडाची नळी, छोटी चमची, पूड ठेवायला कातड्याची पिशवी. पाटी म्हणजे आपली चंदन उगाळायची सहाण डोळ्यासमोर आणा, पण तळहाताहून थोडी लांबट आणि कागदासारखी हलकी, मध्ये चौकोनी खळगा, आणि वरच्या बाजूला इतकं बारीक कोरीव काम की बघत राहावं. हातात मुंडकं धरलेला माणूस, कोंडोर, जॅग्वार. काहींवर हिरव्या दगडाचे बारीक तुकडे बसवलेले. एकट्या सान पेद्रोच्या परिसरातून अशा पाट्या शेकड्यांनी मिळाल्यात, आणि एका कबरीतल्या पिशवीत पूडसुद्धा तशीच होती. तपासली तर ब्यूफोटेनिन आणि डीएमटी निघालं. कबर साधारण इसवी सन ७८०ची. म्हणजे वेरूळला कैलास कोरत होते त्याच सुमाराची.

आता गंमत ऐका. आताकामात हे झाड येतच नाही. पाणीच नाही तर येणार कुठून. बिया यायच्या अँडीजच्या पलीकडून, म्हणजे साल्टाकर, तुमच्याच बाजूच्या जंगलांतून, लामांच्या तांड्यांवर, चार हजार मीटरच्या खिंडी ओलांडून. बाबांनी खिशातून नेल्या त्याच बिया, फक्त लामा नव्हता.

साल्टाकर:
आईने विचारलंय, लामाला ईमेल आयडी आहे का.

मुक्कामपोस्ट_चिपळूण:
मग ही नशा होती की पूजा? माझं म्हणणं लिहितो, पटलं तर बघा. आमच्याकडे गुरव कौल लावतो. पाऊस कधी, लग्न जमेल का, गेलेली गुरं कुठे. वर्षातून एकदा अवसर येतो, माणूस थरथरतो, बोलतो ते देवाचं बोलणं. वाळवंटी_उंट जे लिहितायत ते मला तसंच वाटतं. कोणी मजा म्हणून कबरीत सामान नेत नाही. आपण नशा शब्द वापरला की डोळ्यापुढे गटारात पडलेला माणूस येतो, तसं ते नव्हतं.

पुणेरी_पाटी:
कौल लावायला काही हुंगावं लागत नाही. तुलना चुकीची आहे. रसायन घेऊन दिसतं तो भास, त्याला संस्कृती म्हणा नाहीतर अजून काही. उगाच रोमँटिक करू नका, उद्या कॉलेजची पोरं हेच वाचून 'आम्ही पूजा करत होतो' म्हणतील.

मुक्कामपोस्ट_चिपळूण:
रसायनाशिवाय येतं म्हणूनच तर तुलना केली. बाकी पोरं काहीही म्हणतात.

बॉटनीची_बाई:
दोघांचंही थोडं बरोबर आहे. जुनी लिखित नोंद बघू. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत रामोन पाने नावाचा साधू हिस्पॅनिओला बेटावर (आजचं हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) ताइनो लोकांत राहिला, भाषा शिकला आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. त्यात कोहोबा येतो. त्यांचा वैदू, बेहिके, रोग्यासाठी कोहोबा नाकात ओढायचा आणि मग देवांशी बोलून रोग कुणामुळे झाला ते सांगायचा. रोगी दगावला तर नातेवाईक त्या वैदूचा हिशेब चुकता करायचे, बेदम ठोकायचे. म्हणजे चैन नव्हती, धंद्यातली जोखीम होती.

डॉ_गोळीबार:
यातलं शेवटचं वाक्य माझ्या दवाखान्यात लावू नका प्लीज.

बॉटनीची_बाई:
😀 आणि अजून एक. हा कोहोबा म्हणजे तंबाखूच असं लोक शेकडो वर्षं समजत होते, कारण दोन्ही पुडी, दोन्ही नाकात. १९१६ साली सॅफर्ड नावाच्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने जुनी वर्णनं आणि ओरिनोकोकडची योपोची वर्णनं शेजारी ठेवून दाखवलं की कोहोबा म्हणजे हे झाड. तोवर ताइनो समाज उद्ध्वस्त होऊन चारशे वर्षं झाली होती. विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

आत्याबाई:
म्हणजे बघा, मिरची आली, बटाटा आला, तंबाखू आला, पेरू, काजू, सीताफळ सगळं तिकडून पोर्तुगीजांच्या जहाजातून आलं. हेच का नाही आलं?

वाळवंटी_उंट:
आत्याबाई, मला वाटतं तंबाखू विकायला सोपा होता. ओढा, लगेच तलफ, उद्या परत दुकानात. हे एकदा घेतलं की माणूस ओकतो, शेंबूड वाहतो, आडवा होतो आणि दुसऱ्या दिवशी परत मागायला येत नाही. असल्या मालाला गिऱ्हाईक कुठून मिळणार? वर मिशनऱ्यांनी सैतानाची पूजा म्हणून बंदी घातली.

शेंबडावरून, पेरूमध्ये चाविन दे वान्तारला देवळाच्या भिंतीत दगडी मुंडकी बसवलेली आहेत, काहींच्या नाकातून कोरीव शेंबूड लोंबतोय. अभ्यासक बऱ्याच आधीपासून म्हणत होते हे नाकात पूड ओढल्याचं चित्रण. आणि २०२५ साली तिथल्याच आतल्या खोल्यांत सापडलेल्या हाडाच्या नळ्या तपासल्या तर निकोटिन आणि डीएमटीचे अंश मिळाले. मला तर मंदिराच्या भिंतीवर शेंबूड कोरणारा शिल्पकार आवडला.

नागपुरी_संत्रं:
म्हणजे किती जुनं म्हणायचं हे? हजार वर्ष? दोन हजार?

वाळवंटी_उंट:
चार हजार. आणि साल्टाकर, हेही तुमच्या शेजारीच. हुहुय प्रांतात इन्का क्युएव्हा म्हणून गुहा आहे, तिथे प्युमाच्या हाडाच्या चिलमी मिळाल्या आणि सोबत सेबिलच्या बिया. इसवी सनपूर्व २१०० च्या आसपास. म्हणजे सुरुवातीला बहुतेक ओढायचे ते चिलमीतून. पुढे पेरू देशात वारी नावाचं राज्य होतं त्या काळात, साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वी, मोये झाडाच्या फळांच्या बियरमध्ये विल्का घालत असावेत असं एका जागी सापडलंय, म्हणजे सगळ्या पंगतीला एकदम. आणि बोलिव्हियात एका गुहेत हजारएक वर्षांपूर्वीचं गाठोडं मिळालं, त्यात तीन कोल्ह्यांची तोंडं कापून शिवलेली छोटी पिशवी, वर नळी, पाट्या, चमचे. पिशवीत कोका, ब्यूफोटेनिन, डीएमटी आणि हार्मिन नावाचं आणखी एक वनस्पतींतलं रसायन. कोणा वैद्याची बॅगच ती.

डॉ_गोळीबार:
आमच्यावेळी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह रेक्झिनची द्यायचे.

लेखनिक (व्यवस्थापन):
धागा छान चाललाय, पण एक सूचना. इतिहास, वनस्पती, किस्से, सगळं चालेल. कसं बनवायचं, कुठे मिळतं, किती घ्यायचं, असले प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवलेत. डीएमटी भारतात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा 'मी ऑनलाईन बिया मागवल्या' वगैरे शौर्यकथा इथे लिहू नयेत.

उगाच_एक:
माझाच उडवला असणार.

बॉटनीची_बाई:
बरं, उपयोगाचं काही राहिलंय का? हो, लोक नाकापलीकडे विचारच करत नाहीयेत. तिथे आज हे झाड मुख्यतः लाकडाचं आणि सालीचं. लाकूड इतकं जड की पाण्यात जवळजवळ बुडतं, कुंपणाचे खांब वर्षानुवर्षं कुजत नाहीत, कुरुपाय म्हणून फरशीला, डेकला बाहेर विकलं जातं. घरमालकीणबाई शेगडीचं म्हणाल्या ते खरं, निखारा धरून ठेवतं. आणि सालीत टॅनिन भरपूर, ब्राझीलमध्ये अँजिकोची साल कातडं कमवायला पिढ्यानपिढ्या वापरतात. आपल्याकडे कोल्हापुरीच्या चामड्याला बाभळीची साल आणि हिरडा, तिकडे अँजिको. म्हणजे एकाच घराण्यातल्या दोन झाडांना दोन्हीकडे एकच काम लागलंय.

आत्याबाई:
हे मला आवडलं. कुणीतरी कामाचं बोललं.

मुक्कामपोस्ट_चिपळूण:
अवांतर: मग सुबाभूळ, गिरीपुष्प, विलायती चिंच, रेन ट्री हे सगळे तिकडचेच ना? आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचंच राज्य आहे.

बॉटनीची_बाई:
सगळे तिकडचेच, सगळे शेंगावालेच. सुबाभूळ चाऱ्याला म्हणून वाजतगाजत आणली, मग कळलं जास्त खाल्ली की जनावरांचे केस गळतात, आणि आता माळावर काढता येत नाही. म्हणून बाबांना एक प्रेमाची विनंती, अजून एक पाहुणा नको. आणि बी बाहेरून आणायची तर क्वारंटाईनची परवानगी लागते, २००३ सालचा नियम आहे, खिशातून आणलेली चालत नाही.

पुणेरी_पाटी:
हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतं तर एवढं सगळं लिहावं लागलं नसतं.

शेंगदाणा:
मग आम्हाला शेंबडाचा शिल्पकार कसा भेटला असता?

वाळवंटी_उंट:
बियांच्या प्रवासाचा विषय निघालाय तर शेवटचं. रिचर्ड स्प्रूस, इंग्रज, ॲमेझॉनमध्ये पंधरा वर्षं झाडं गोळा करत फिरला. १८५४ साली ओरिनोकोवर माइपुरेसला त्याने योपोच्या बिया आणि पूड करायचा सगळा सरंजाम विकत घेऊन लंडनला क्यू बागेत पाठवला. त्या बिया तिथे कपाटात पडून राहिल्या आणि १९७७ मध्ये तपासल्या, सव्वाशे वर्षांनी, तर त्यात ब्यूफोटेनिन तेवढं शाबूत होतं. आणि याच स्प्रूसने १८६० मध्ये इक्वेडोरमधून सिंकोनाच्या बिया आणि रोपं मिळवून दिली, ती निलगिरीत उटीला आली. क्विनाईन. सिंकोना आपल्याकडे महाबळेश्वरला लिंगमळ्यालाही लावून बघितला होता, तिथे काही जमला नाही. एकाच माणसाच्या खोक्यांतून एक झाड आपल्याकडे आलं, दुसरं कपाटात राहिलं.

शेंगदाणा:
म्हणजे महाबळेश्वरहून आमचे तीर्थरूप दगड आणतात तेच बरं.

साल्टाकर:
बरेच दिवस लिहायचं राहिलं, इकडे बरंच काही झालं.

हा धागा मी बाबांना प्रिंट काढून दिला. त्यांनी लाल पेनाने शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात (डॉक्टर, तुमच्या चार आहेत). मग बॉटनीच्या बाईंचा क्वारंटाईनचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी न बोलता एकटेच टेकडीवर जाऊन बिया ओतून आले. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. अर्ध्या गुंठ्यात एक जागा त्यांनी मनात धरून ठेवली होती, जुन्या पेरूच्या बाजूची. आईला नंतर म्हणाले, "जुन्नरला नेलं असतं आणि कुणा पोराने नाकात घातलं असतं तर मी मास्तर म्हणून काय सांगितलं असतं?"

आता पुढचं. आईने त्यांचं जॅकेट मशीनला टाकलं. गार पाण्यावर. बाहेर काढताना दाराच्या रबराच्या खाचेत अकरा बिया. आतल्या खिशात राहिल्या होत्या. आईने त्या ओल्याच बशीत ठेवल्या आणि विसरली. तिसऱ्या दिवशी बघतो तर दोन फुटलेल्या! पांढरा कोंब, मुगाच्या मोडासारखा, पण टिकलीच्या कडेतून आलेला. बाबांचा चेहरा बघायला हवा होता.

दोन्ही आता दह्याच्या डब्यात लावल्यात, तळाला खिळ्याने भोकं पाडून. घरमालकीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मागच्या कुंपणापाशी लावा, मला दहा वर्षांनी शेगडीला होतील. बाबांनी विचारलं दहा वर्षांनी मी बघायला कसा येणार. त्यांना मराठी कळलं नाही, मी भाषांतर केलं नाही.

बॉटनीची_बाई:
पहिली पानं आली की फोटो टाका. रात्री मिटतात का बघायला सांगा त्यांना, त्यांना मजा येईल.

डॉ_गोळीबार:
चार? कुठल्या चार?

आत्याबाई:
सगळं झालं, पण आजोबांच्या तपकिरीची डबी कुणाकडे आहे ते नाही सांगितलंत.

साल्टाकर:
आत्याबाई, बाबांकडेच. त्यात आता खिळे आहेत.